एक जूनची माणसं

सोमवार, ३ मार्च १९९७. जळगाव

आज ऑफिसात एक बाई आली आणि माझा दिवस नासला.

कांतीभाऊंनी धुळ्याच्या एका ट्रस्टच्या दवाखान्याचं काम घेतलंय. केसपेपर हाताने लिहायचा नाही, कॉम्प्युटरने काढायचा. देवचंद प्रोग्राम लिहितो. तो बरोबर चालतो की नाही हे तपासायचं काम आमचं. आमचं म्हणजे माझं आणि पितांबरचं, आणि त्यात प्रमुख मी. नाशिकची दोन वर्षांची पदविका काय उगाच नाही केली.

तर सकाळी भाऊ एका बेचाळिशीच्या बाईंना घेऊन माळ्यावर आले. नाव बेबाबाई सपकाळे. जामनेरला एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर एकोणीस वर्षं होत्या. शिक्षण मॅट्रिक. कॉम्प्युटर आज पहिल्यांदा पाहिला. भाऊ म्हणाले, "अभिमन, यांना हाताखाली घे. तुला येतं ते सगळं शिकव. सगळं म्हणजे सगळं."

आपल्याला येतं ते सगळं कोणी कोणाला का शिकवावं? शिकवून झाल्यावर मग आपण काय करायचं?

शिवाय जिना उतरता उतरता मला विचारतात, "धुळ्याचं पाणी तुझ्या घरच्यांना मानवेल का रे?" कशाचा कशाला पत्ता नाही. इथे जळगावात तिसऱ्या दिवशी नळ येतो, त्याचं आधी बोला म्हणावं.

सोमवार, १० मार्च

बाई एका बोटाने टाइप करतात. 'पाटील' लिहायला तेवढा वेळ लागतो ज्यात मी चहा पिऊन येतो. मला जरा हायसं वाटलं.

आठवडाभरात एकही चूक सापडली नाही. नुसतं माझं चुकांचं रजिस्टर पहिल्या पानापासून वाचत बसल्या होत्या. कुठे काय सापडलं, कसं सापडलं, परत तपासलं का, हे सगळं मी त्यात आखून लिहितो. म्हणाल्या, "सर, तुमची पद्धत लक्षात राहण्यासारखी आहे. आमच्या दवाखान्यात असं रजिस्टर असतं तर निम्मी भांडणं झाली नसती." खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. माणूस स्वभावाने वाईट नाही.

मंगळवार, १८ मार्च

एका दिवसात चार!

पहिली: वयाच्या चौकटीत वर्षंच टाकता येतात, पाच महिन्यांचं पोर आलं तर काय करायचं? दुसरी: एका माणसाला आडनावच नाही, नुसता 'फकिरा', मशीन पुढे सरकत नाही. तिसरी: बाळंतीण घरी गेली, बाळाचं नाव अजून ठेवलेलं नाही, त्याचा कागद कोणत्या नावाने काढायचा? चौथी लिहायचा मला कंटाळा आला.

मी म्हणालो, "बेबाबाई, हे तुम्हाला सुचतं कसं?"

"सुचत नाही सर. खिडकीवर असंच येतं."

देवचंद आपल्या खोलीतून उठून बाहेर आला. मी मोठ्यात मोठी चूक काढली तरी हा माणूस मान वर करत नाही. आज बाईंच्या खुर्चीमागे अर्धा तास उभा होता. वर त्यांच्यासाठी चहा मागवला. चार वर्षं आम्ही एका छपराखाली आहोत, मला त्याने कधी पाणी विचारलेलं नाही.

गुरुवार, २७ मार्च

भिंतीवर एक फळा लावला. कोणी किती चुका शोधल्या, रोज संध्याकाळी लिहायचं. मी एकसष्ट, पितांबर बावीस, बेबाबाई एकोणतीस. भाऊंनी पाठ थोपटली. म्हणाले, "ही युक्ती छान काढलीस." आता ज्याला डोळे आहेत त्याला दिसेल कोण किती पाण्यात आहे.

शुक्रवार, ११ एप्रिल

मी चौऱ्याहत्तर. त्या अडुसष्ट. पितांबर सत्तावीसवरच आहे, तो आता चुका शोधत नाही, फळाच बघत बसतो.

रात्री जेवताना कमल म्हणाली, "अहो, ही बेबाबाई दिसायला कशी आहे?"

"का?"

"ताटावर बसल्यापासून सहा वेळा नाव घेतलं तुम्ही. माझं महिन्यात एवढं घेत नाही."

मी म्हणालो, ती माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी आहे आणि हाताला शाई लागली की पदराला पुसते. कमल म्हणाली, "एवढं बघता म्हणजे." आणि शेवभाजी वाढायची थांबली. आता हिला काय समजावू? मला त्या बाईचं काही नको आहे. तिला जे येतं ते मला हवं आहे.

शनिवार, १९ एप्रिल

त्र्याऐंशी आणि पंच्याऐंशी. पंच्याऐंशी त्यांचे.

भिंतीला रंग द्यायचाय असं सांगून मी फळा उतरवला. पितांबर म्हणाला, "सर, कोणत्या भिंतीला?" त्याला मी बाजारातून प्रिंटरची रिबन आणायला पाठवलं.

मग बसून नवीन कामवाटप केलं. नोंदणी माझ्याकडे. रक्त-लघवी तपासणीचा भाग पितांबरकडे. छपाई बेबाबाईंकडे. छपाई म्हणजे कागदावर ओळ सरळ येते का, शेवटचं अक्षर कापलं जातं का, एवढंच बघायचं. त्यात डोकं लागत नाही, फक्त हात काळे होतात. शिवाय एक नियम काढला: ज्याने त्याने आपापल्याच भागातल्या चुका रजिस्टरमध्ये लिहायच्या. दुसऱ्याच्या शेतात पाय टाकायचा नाही. सगळीकडे सगळे फिरले तर जबाबदारी कोणाची, असं पुस्तकातही दिलंय.

कागद वाचून बाई म्हणाल्या, "बरं सर." भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

शुक्रवार, २ मे

छपाईत अकरा निघाल्या. छपाईत! औषधाच्या चिठ्ठीवर डॉक्टरचं नाव येत नव्हतं. गोळी रोज दोन की दोन दिवसांनी एक, हे कागदाची घडी पडते तिथेच छापलं जात होतं. "घडीवर छापलेलं चार दिवसांत पुसतं सर, बाया कागद कमरेला खोचतात." देवचंदने सगळी मांडणी बदलली आणि मला म्हणाला, "अभिमन, छपाई बाईंकडे द्यायची अक्कल तुझी. मानलं."

जळणाऱ्याने पाणी मागावं आणि कोणी तूप आणून द्यावं, तसं झालं.

शुक्रवार, ९ मे

आज आखाजी, म्हणजे अक्षय तृतीयेची सुट्टी. कमल माहेरी सावद्याला गेलीय. समोरच्या निंबाला झोका बांधलाय, पोरी सकाळपासून गाताहेत, मी खाटेवर उताणा. बेचाळीस डिग्रीत पंखाही गरम वारा फेकतो.

भाऊंनी सुट्टीच्या दिवशीही घरी बोलावलं. आमरस-पुरणपोळी खायला घातली, मग हळूच विषय काढला. "धुळ्याला देवपुरात एक जागा बघतोय. खाली ऑफिस, वर दोन खोल्या. मला सांग, बेबाबाई आता इथलं तपासणीचं काम एकट्या सांभाळू शकतील का?"

म्हणजे माझी खुर्ची तिला! आणि मला हाकलणार कुठे? धुळ्याच्या खिडकीवर?

मी डोकं शांत ठेवून म्हणालो, "भाऊ, अजून कच्च्या आहेत. सहा महिने तरी लागतील."

भाऊंचा चेहरा पडला. म्हणाले, "हो का? मग थांबावं लागेल. मला वाटलं होतं या महिन्यातच उरकेल."

थांबा म्हणावं. येताना मी शीळ वाजवत आलो. असा वेळेवर बोललो म्हणून वाचलो.

सोमवार, १२ मे

आज जे झालं ते लिहू की नको, असं करत होतो. पण वही माझीच आहे.

दुपारी बाई आल्या. हात मनगटापर्यंत काळे. "सर, छपाईचं नाही हे, पण विचारू का?"

"विचारा."

"एक जूनची माणसं कॉम्प्युटर वेगळी कशी ओळखणार?"

मला कळेना. मग त्या खुर्ची ओढून बसल्या. "खिडकीवर खेड्यातली बाई येते. जन्मतारीख विचारली की म्हणते, 'माले काय माहीत बाई, तूच लिखी ले.' मग आम्ही एक जून लिहायचो. शाळेत मास्तर लिहायचे तसंच. आणि वय कोणी अठ्ठेचाळीस सांगत नाही, सरळ पन्नास सांगतात. आता पन्नास वर्षांच्या झुंबरबाई पाटील एका तालुक्यात किती असतील? सगळ्या एक जून सत्तेचाळीसच्या. आपलं मशीन नाव, आडनाव आणि जन्मतारीख जुळली की जुना कागद काढतं ना? मग एकीचा कागद दुसरीला जाईल."

नवऱ्याचं किंवा बापाचं नाव जुळवायचं नाही, असं देवचंदने आणि मीच ठरवलं होतं. लेकीबाळींचं मधलं नाव लग्नानंतर बदलतं, म्हणून. तेव्हा आम्हाला आम्ही फार हुशार वाटलो होतो.

मी म्हणालो, "नोंदणी माझ्याकडे आहे. बघतो मी."

"रजिस्टरला लिहू का?"

"नियम काय आहे?"

"आपापल्याच भागातलं लिहायचं."

"मग?"

"बरं सर. पण लवकर बघा."

सगळे जेवायला खाली गेल्यावर मी दोन झुंबरबाया टाकून पाहिल्या. एक जामनेरची, एक पारोळ्याची. मशीन म्हणालं, जुना कागद सापडला. एकीचा दमा दुसरीच्या कागदावर छापून आला.

पाच महिने मी या प्रोग्रामवर बसलोय. माझ्या स्वतःच्या दाखल्यावर एक जून आहे. आई म्हणते मी पोळ्याच्या आगेमागे जन्मलो, पण शाळेत घालताना वडिलांनी मास्तरांवर सोडलं आणि त्यांनी एक जून ठोकला. हे मला सुचायला हवं होतं! मलाच! आणि सुचलं कोणाला, तर रिबनीने हात काळे झालेल्या बाईला.

रजिस्टर उघडलं. माझ्या नावावर लिहावी असं मनात आलं. पण बाई सांगत होत्या तेव्हा पितांबरने शेजारीच बसून सगळं ऐकलं होतं. तिच्या नावावर लिहायला हात उचलेना. या सगळ्या कामातली सर्वांत मोठी चूक ती होती, आणि ती तिची होती. रजिस्टर मिटलं.

बुधवार, १४ मे

दोन दिवस झाले. सांगेन. देवचंद सध्या कामात बुडालाय, आता सांगितलं तर चिडेल. शिवाय एकाच नावाच्या, एकाच वयाच्या दोन बाया धुळ्यात एकाच आठवड्यात येणार आहेत थोड्याच? चालू झाल्यावर पहिल्या दुरुस्तीत टाकू.

बाईंनी जाता जाता विचारलं, "सर, ते बघितलं?" मी म्हणालो, "चालू आहे."

सोमवार, २६ मे. धुळे

आज दवाखान्यात काम सुरू झालं. कॉम्प्युटरला हार, नारळ, पेढे. पहिला केसपेपर अध्यक्षांच्या हस्ते निघाला. मी खिडकीमागे उभा होतो. कोणीही बेबाबाईंचं नाव घेतलं नाही. बरं वाटलं.

बुधवार, २८ मे. धुळे

मांडीवर वही ठेवून लिहितोय. अक्षर कसंही येवो.

काल कापडण्याची द्रौपदाबाई पाटील येऊन गेली. साखरेचा आजार, डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. आज मुकटीची द्रौपदाबाई पाटील आली, मोतीबिंदू काढायला. दोघी साठीच्या. दोघी एक जून सदतीसच्या. मशीन म्हणालं, जुना कागद सापडला. स्वच्छ छापलेला कागद निघाला, कुठे काही कापलं नाही, कुठे घडीवर आलं नाही. नर्सने तो वाचून म्हातारीला साखर उतरवायची गोळी दिली. म्हातारी ऑपरेशनसाठी सकाळपासून उपाशी होती.

तासाभरात तिला दरदरून घाम फुटला, बोलणं जड झालं. मी व्हरांड्यातच होतो. तिचा मुलगा जीवराम तिला धरून ओरडत होता, "माय, काय व्हयनं तुले? माय!" डॉक्टर धावत आले. त्यांनी कागद बघितला, तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "आजी, तुम्हाला साखर आहे?"

ती म्हणाली, "नई रे भाऊ. माले तं फक्त दिसत नई."

शिरेतून साखरेचं पाणी दिलं. दुपारी तिने डोळे उघडले. गोळीचा अंमल उतरेपर्यंत दोन दिवस डोळ्यांत तेल घालून जपा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी तिच्या खाटेशेजारी बसून आहे. उठायची हिंमत होत नाही. जीवरामने मला चहा आणून दिला. म्हणाला, "तुम्ही सकायपासून काहीच खादं नई, साहेब."

गुरुवार, २९ मे. धुळे

म्हातारी बरी आहे. सकाळी भाकरी मागितली.

भाऊ आणि देवचंद गाडीने आले. खिडकीची घडी बसवायला बेबाबाईंनाही बोलावलं होतं, त्या एसटीने आल्या. देवचंदला कारण सापडायला दहा मिनिटं लागली. कपाळाला हात लावून म्हणाला, "एक जून! हे आपल्यापैकी एकाच्याही डोक्यात कसं आलं नाही?"

भाऊंनी सगळ्यांसमोर विचारलं, "बेबाबाई, तुम्ही एकोणीस वर्षं खिडकीवर होता. तुमच्याही लक्षात नाही आलं?"

मी जमिनीकडे बघत होतो. मला वाटतं बाई माझ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "माझ्याकडं छपाई होती, भाऊ."

एवढंच. मग खिडकीवर जाऊन बसल्या आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला गावाचं, नवऱ्याचं आणि बापाचं, तिन्ही नावं विचारायला लागल्या.

मला कळत नाही, त्या बोलल्या का नाहीत? मेहेरबानी दाखवायची असेल. माझ्यावर उपकाराचं ओझं ठेवायचं असेल. की मी बोलेन म्हणून थांबल्या होत्या? मला त्यांच्या त्या गप्प बसण्याचाही हेवा वाटला. मला तसं जमलं नसतं.

शनिवार, ३१ मे. जळगाव

सकाळी भाऊंनी बोलावलं. मला वाटलं, संपलं. तर त्यांनी टेबलावर एक पाकीट ठेवलं. धुळे शाखेचा प्रमुख म्हणून माझं नेमणूकपत्र. वरच्या दोन खोल्यांसकट.

"मार्चपासून ठरलंय हे. म्हणून तर बेबाबाईंना आणलं. त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, अभिमन धुळ्याला गेला की त्याची खुर्ची तुमची, तोवर त्याच्याकडून शिकून घ्या. तुला नाही सांगितलं, म्हटलं पत्रच हातात देऊ. तू त्या कच्च्या आहेत म्हणालास म्हणून थांबणार होतो, पण परवा खिडकीवर त्यांचं काम बघितलं आणि ठरवलं, आता थांबायचं नाही."

मी पत्र घडी करून परत पाकिटात घातलं.

"परवाचं मनाला लावून घेऊ नकोस. कोणाला सुचलंच नसतं ते. डॉक्टर सांगत होते, तू दोन दिवस त्या म्हातारीच्या उशापासून हलला नाहीस. असाच माणूस तिथं पाहिजे मला."

पाकीट घेऊन मी माझ्या टेबलाशी आलो. म्हणजे ज्या खुर्चीला मी तीन महिने दोन्ही हातांनी धरून बसलो होतो, ती कोणी हिसकावतच नव्हतं. आणि बाईंना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या परवा एक वाक्य जास्त बोलल्या असत्या तर खुर्ची त्यांना तेव्हाच मिळाली असती, आणि धुळंही गेलं असतं माझं. बाई पलीकडे प्रिंटरची रिबन बदलत होत्या. पत्र खिशात होतं. कोणी काही विचारणार नव्हतं.

मला म्हातारी आठवली. 'माले तं फक्त दिसत नई.'

रजिस्टर उघडलं. लिहिलं: भाग, नोंदणी. चूक, एक जून जन्मतारीख असलेल्या वेगवेगळ्या व्यक्तींचा एकच कागद निघतो. शोधली कोणी, बेबाबाई सपकाळे. सांगितल्याची तारीख, १२ मे. नोंद केल्याची तारीख, ३१ मे. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तिथे बराच वेळ पेन टेकून बसलो. नियमामुळे, कामाच्या गर्दीमुळे, गैरसमजामुळे, असं सगळं लिहून बघितलं मनात. मग लिहिलं: 'मला यांचा हेवा वाटत होता म्हणून मी ही नोंद केली नाही. अभिमन.'

रजिस्टर आणि पाकीट दोन्ही भाऊंपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं. चष्मा काढून पुसला, परत वाचलं.

"बाईंनी सांगितलं होतं तुला?"

"हो."

"आणि परवा मी त्यांनाच विचारलं. सगळ्यांसमोर."

"हो."

त्यांनी पाकीट उचलून ड्रॉवरमध्ये टाकलं. मला जा म्हणतील असं वाटलं. पण त्यांनी कामवाटपाचा कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "तपासणीला कोणी कुठं बसायचं हे ठरवायचं काम अजून तुझ्याकडंच आहे. सोमवारपासून धुळ्याला कोण जाणार, लिही."

दार उघडंच होतं. बाहेर पितांबर काहीतरी बोलला आणि बेबाबाई हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा ऐकलं. देवपुरातल्या वरच्या दोन खोल्या डोळ्यांपुढे आल्या. खिडकी कोणत्या बाजूला असेल, कमलला आवडल्या असत्या का, असलं काहीतरी.

मी लिहिलं: धुळे शाखा, प्रमुख, बेबाबाई सपकाळे.

वाटलं होतं, एवढं लिहिल्यावर तरी पोटातलं दुखणं थांबेल. नाही थांबलं. पण नाव लिहून झालं होतं, आणि भाऊंनी खाली सही केली.